स्थानिक पालक

(जळगाव. झुंबरबाईंच्या घरची बैठक, दुपारची वेळ. धुळे जिल्ह्यातल्या गावाहून त्यांचा धाकटा भाऊ अभिमन आणि त्याची मुलगी सुलक्षणा आले आहेत.)

झुंबरबाई : ...नारळ आना, साडी आनी, पेढा आनात. बठ्ठं रीतवार करं तू, अभिमन. माले वाटे, मना भाऊ हाई टाईमलेबी इसरी जाई.

अभिमन : बहिणीकडे हात हलवत येऊ का, अक्का? पेढे सुलूच्या अ‍ॅडमिशनचे. बाकी आपलं नेहमीचं.

झुंबरबाई : नेहमीचं कोणले सांगस? राखीले तू ब्लाउजपीस देस, तोबी मना मापना नही. आज काठपदरनी साडी कशी काय?

अभिमन : सुलूच्या आईने निवडली. म्हणाली, काम घेऊन चाललात, जरा बरी न्या.

झुंबरबाई : देख, तिले अक्कल शे. तुनामा आते येई राहिनी.

सुलक्षणा : फुई, पेढ्यांचा डबा एवढ्यात रिकामा? आम्ही आत्ताच तर दिला तुझ्या हातात.

झुंबरबाई : तुम्ही हातपाय धुवाले गयात, तवसामा मी गल्लीमा वाटी उनी.

सुलक्षणा : एम.एस्सी.ला नंबर लागला म्हणून गल्लीभर पेढे? घरी तर मला एकच मिळाला. आई म्हणाली, बाकीचे फुईच्या घरचे आहेत, हात लावू नको.

झुंबरबाई : एम.एस्सी.ना पेढा कोण वाटस, बेटा? मी सांगं बायास्ले, मना भाऊ नारळ लई उना, आंडेरले, पोरले, संगे लई उना. मना पोऱ्या नवलनं जमनं.

अभिमन : काय जमलं?

सुलक्षणा : आबा, तुम्ही आधी पाणी प्या.

अभिमन : नाही, पण काय जमलं?

झुंबरबाई : आते तू इचारस? भाऊनी पोर बहिणना घर, हाई काय मी नवीन काढं का? आपला आठे चालत उनं ते. पोरगी हाई गल्लीमा सगळास्ले आवडनी बी. समोरनी मंजुळाबाईनी खिडकीमाईन देखी लिधं, म्हणे, उंची बरोबर शे.

सुलक्षणा : मंजुळाबाईंना माझे आभार सांग. सकाळपासून जळगावात खोलीसाठी फिरतेय मी, आणि इथे बसल्या जागी नवरा मिळाला. खोलीसकट.

झुंबरबाई : खोलीसकटच. नवलनी खोली तुले देसू. लगीन व्हयपर्यंत नवल आठे बैठकमा झोपी.

सुलक्षणा : आणि लग्न झाल्यावर मी बैठकीत?

झुंबरबाई : हाई पोर कशी बोलस, अभिमन? तू काही शिकाडं नही का तिले?

अभिमन : शिकवलं अक्का. जास्तच झालं बहुतेक.

सुलक्षणा : आबा, बोला ना. एस.टी.त बोलत होतात ते. माझ्या पोरीचं लग्न तिच्या मनावर, तिला शिकायचं तेवढं शिकू दे. शेजारच्या बाईलासुद्धा पटलं होतं. तिने तुम्हाला शेंगा दिल्या.

अभिमन : एस.टी.त बोलणं वेगळं असतं.

सुलक्षणा : हो, तिथे फुई नसते.

झुंबरबाई : काय भानगड शे तुमनी दोन्हीसनी? नीट सांगा.

अभिमन : अक्का, राग धरू नको. मी सोयरीक घेऊन आलो नाही.

झुंबरबाई : मंग?

अभिमन : सहीसाठी आलो.

झुंबरबाई : कसानी सही?

अभिमन : सुलूला विद्यापीठात होस्टेल मिळालं. यादीत नाव लागलं तिचं. फक्त एक फॉर्म राहिला आहे, त्यावर स्थानिक पालकाची सही लागते. म्हणजे जळगावात राहणारा आपल्या नात्यातला माणूस. तू सोडून इथे आपलं कोण आहे? दाजींची सही घ्यावी म्हटलं.

झुंबरबाई : सहीकरता नारळ?

अभिमन : मागायचं होतं काहीतरी. रिकाम्या हाताने तोंड उघडत नव्हतं.

सुलक्षणा : फुई, तू त्यांना आता हसू नको आणि रडवूही नको. सकाळी नारळ निवडायला त्यांनी इतका वेळ लावला की पहिली गाडी चुकली. हलवून हलवून पाहत होते. मी म्हटलं, सहीच घ्यायची आहे, नारळाची मुलाखत नाही.

झुंबरबाई : मी हसत नही. मी गल्लीमा पेढा वाटी उनी शे. मी कशी हसू?

अभिमन : चुकलं माझं.

झुंबरबाई : तुनं कायमनं चुकस. पण हाई होस्टेलनं काय काढं? सख्खी फुई गावमा, अन् पोरगी होस्टेलले? लोके मना तोंडमा शेण घालतीन. म्हणतीन, झुंबरबाईले भाऊनी पोर जड झाई.

सुलक्षणा : लोक काहीही म्हणत नाहीत फुई. त्यांच्या तोंडात पेढा आहे आत्ता.

अभिमन : सुलू, फुई आहे ती. जरा नीट.

सुलक्षणा : नीटच बोलते. फुई, मला तुझ्याकडे राहायचं नाही असं नाही. मला कोणाकडेच राहायचं नाही. होस्टेल हुकलं तर असावी म्हणून आबांनी सकाळी एक भाड्याची खोलीही दाखवली. मालकीणबाई म्हणाल्या, आम्ही मुलींना अगदी घरच्यासारखं ठेवतो. म्हणजे खिडकी उघडायची नाही, फोनवर हसायचं नाही, पाहुणे आले की मुलींनी गच्चीवर जायचं.

झुंबरबाई : मंग बरोबर शे. घरमा दुसरं काय ऱ्हास?

सुलक्षणा : तेच तर. घरच्यासारखंच हवं असतं तर मी घरीच बसले असते.

झुंबरबाई : तुले आठे काय तरास शे, ते सांग. पहाटे नळ येस, तेवढं पाणी भरी लेवानं. मंग पोळ्या. तुना फुवाना डबा, नवलना नाश्ता. मंग जाय तू कालेजले, कोण अडावस?

सुलक्षणा : आणि परत आल्यावर?

झुंबरबाई : आल्यावर चहा. गल्लीन्या बाया येतस बसाले.

सुलक्षणा : अभ्यास?

झुंबरबाई : कर ना, कोण नही म्हणस? सिरियली सरन्यात का बठ्ठा झोपी जातस. मंग घर शांतच ऱ्हास.

सुलक्षणा : छान. म्हणजे विद्यापीठ हा माझा जोडधंदा.

अभिमन : अक्का, केमिस्ट्री आहे तिचं. प्रयोगशाळेत संध्याकाळ होते.

झुंबरबाई : तू चूप बस. नारळ कोणी आना?

अभिमन : बसलो.

सुलक्षणा : फुई, एक विचारू? नवल पुण्याला अभ्यासाला गेला होता, तेव्हा फुवांचे सख्खे भाऊ पुण्यातच होते ना?

झुंबरबाई : शेतस अजून. मोठा बंगला शे.

सुलक्षणा : मग नवलने बाहेर खोली का केली?

झुंबरबाई : दुसराना घरमा अभ्यास व्हस का? पाहुणा येतस, टीव्ही चालस, काकू दळण लई जाय म्हणस. पोरगं वाचाले कवय बसी?

सुलक्षणा : आहाहा. फुई, हेच वाक्य कागदावर लिही आणि खाली सही कर. आमचं काम झालं.

झुंबरबाई : तो पोऱ्या शे.

सुलक्षणा : पोरांना टीव्ही जास्त ऐकू येतो वाटतं.

अभिमन : पुण्याला झाला का मग अभ्यास?

झुंबरबाई : तुले चूप बस म्हणं ना मी?

सुलक्षणा : आता काय करतो तो?

झुंबरबाई : पोलीस भरतीनी तयारी करस. सकाळले पळस.

सुलक्षणा : मग?

झुंबरबाई : मंग थकी जास.

सुलक्षणा : दमणारच. सकाळी पळून आल्यावर दिवसभर दुसरं काय करणार माणूस.

झुंबरबाई : सरळ सांग ना तू. मना नवल तुले चालत नही.

अभिमन : तसं नाही, अक्का.

सुलक्षणा : तसंच आहे. पण त्यात नवलचा दोष नाही. मला सध्या कोणीच चालत नाही. मला आधी खोली पाहिजे, दोन वर्षं शिकायला. आज ऑफिस बंद व्हायच्या आत फॉर्म गेला नाही, तर ती खोली यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. गावाहून रोज येणं-जाणं होणार नाही. आबा म्हणतील, पुढच्या वर्षी बघू. आणि पुढच्या वर्षी तू परत पेढे वाटशील.

अभिमन : मी तसं म्हणणार नाही.

सुलक्षणा : तुम्ही काहीच म्हणणार नाही, आबा. तेच तर होतं दरवेळी. तुम्ही गप्प बसता आणि समोरचा ते हो समजतो. आज गल्लीने समजलं.

झुंबरबाई : बापशी अशी बोलू नको.

सुलक्षणा : नाही बोलत. आणि तुझ्याशीही भांडत नाही. तुला नाही कळायचं होस्टेल म्हणजे काय ते. सोड.

झुंबरबाई : माले नही कळाव?

सुलक्षणा : म्हणजे तसं नाही...

झुंबरबाई : नही नही, बरोबर शे. माले काय कळस? मी सातवीमा शाळामा पहिली उनी, हाई फक्त कळस. अन् धुळाले पोरीस्नं होस्टेल शे, हाई गुरुजी घर ईसन आमना बापले सांगी गयथात, तेबी कळस.

अभिमन : कोणते गुरुजी?

झुंबरबाई : तू तवय ओटावर गोट्या खेळे. गुरुजी म्हणे, पोरगी हुशार शे, धुळाले धाडा, फुकट ऱ्हावानं, फुकट जेवानं, मी स्वता नाव टाकी देस. आमना बाप काय म्हणना माहीत शे?

सुलक्षणा : काय?

झुंबरबाई : म्हणे, गुरुजी, जेवण करीसन जा.

सुलक्षणा : आणि?

झुंबरबाई : आणि काय? गुरुजी जेवनात. स्वयंपाक मीच करा, वाढं बी मीच. गुरुजी म्हणे, भाकर फार सुंदर झाई. सरना विषय.

अभिमन : मला हे माहीत नव्हतं, अक्का.

झुंबरबाई : तुले कसं माहीत ऱ्हाई? पुढे तू सातवी झाया. घरमा होस्टेलनी एकच जागा व्हती, ती तुले भेटनी. तुनी पत्रानी पेटी मी भरी. लाडू मी करात. चादरना कोपराले तुनं नाव मी शिवं, लाल दोरावरी. अन् हाऊ बहादूर काय करस? पोळाना आगोदर रडत रडत एस.टी. धरीसन घर उना.

सुलक्षणा : आबा, तुम्ही होस्टेलमधून पळून आला होता?

अभिमन : तिथली डाळ फार पातळ होती.

सुलक्षणा : डाळ पातळ म्हणून? आणि मला बारावीपासून सांगताय की मी तुमच्यासारखं जिद्दीने शिकावं.

अभिमन : नंतर जिद्द आली.

झुंबरबाई : नंतर आली, कारण मी घर व्हती रांधाले. गरम भाकर खाईसन जिद्द कोणलेबी येस.

अभिमन : अक्का, माझ्यासाठी तुझं राहून गेलं.

झुंबरबाई : तुनासाठे नही रे. उगा मोठा होऊ नको. तू नसता तरी बापनी गुरुजीस्ले जेवालेच घालं असतं.

सुलक्षणा : फुई, मग तुला कळत होतं सगळं. तरी मला म्हणतेस पहाटे पाणी भर, पोळ्या कर, सिरियली संपल्या की अभ्यास कर.

झुंबरबाई : मंग काय सांगू? मना घरमा जे शे तेच सांगसू ना. मी बी तसंच करस. सिरियली सरनी, बठ्ठा झोपनात, का माले बी थोडं वाचाले भेटस. पेपर.

सुलक्षणा : कुठला?

झुंबरबाई : सकाळना. सकाळले तुना फुवा वाचस, मंग दिवसभर नवल. माले रातले भेटस. तवसामा पेपरमाधला मेलेला माणसं जळी बी जातस.

अभिमन : दाजींना सांगायचं ना.

झुंबरबाई : काय सांगू? माले पेपर द्या? त्या म्हणतीन, कुठे नोकरीले जावानं शे का?

सुलक्षणा : तुझी खोली कुठली, फुई?

झुंबरबाई : मनी कसानी खोली? पुढे बैठक, मंग नवलनी, मंग तुना फुवानी. मी उन्हाळामा गच्चीवर, हिवाळामा सैपाकघरमा. पावसाळामा जठे गळत नही तठे.

सुलक्षणा : एवढं घर बांधलं आणि तुला खाट नाही?

झुंबरबाई : व्हती ना. नवलना टाईमले, दवाखानामा. लोखंडी व्हती, पण मनी एकटीनी व्हती. चादर बी रोज बदलेत. शेजारनी बाई रातभर वरडे, तरी अशी झोप लागनी बेटा. डाक्टरीणबाई म्हणे, आते घर जा. माले काही जावाशे वाटत नव्हतं.

अभिमन : अक्का...

झुंबरबाई : तू डोळा पुसू नको. तू असा रडे, म्हणीसन मना बापले वाटे, आपला घरमा हाऊ पोऱ्या शे का पोरगी.

सुलक्षणा : आबा, रुमाल. फॉर्मवर पडेल.

झुंबरबाई : कोठे शे तो फारम?

अभिमन : हा घे. पण दाजी येईपर्यंत थांबावं लागेल ना? ते भुसावळहून कधी येतील?

झुंबरबाई : ड्यूटी सरनी का. रातले.

अभिमन : मग झालं. तोवर ऑफिस बंद.

सुलक्षणा : आबा, तुम्हाला कोणी सांगितलं दाजींचीच सही लागते?

अभिमन : पालक म्हणजे घरचा कर्ता माणूसच ना.

सुलक्षणा : होस्टेलच्या ऑफिसात खिडकीवरच्या साहेबांनी असं सांगितलं?

अभिमन : त्यांनी नाही. मीच समजलो.

सुलक्षणा : वाच फुई तूच. चष्मा आहे ना?

झुंबरबाई : आन तो टीव्हीवरना. "स्थानिक पालक. वय अठरापेक्षा जास्त. जळगाव शहराचा रहिवासी. आधार कार्डाची झेरॉक्स जोडावी." आठे कोठे बी लिहेल नही का माणूसच पाहिजे.

सुलक्षणा : नाही लिहिलं. बाई चालते. नवल असला तरी चालला असता.

अभिमन : दाजींना न विचारता?

झुंबरबाई : तू गावमाईन उठीसन सुलूले कोणले इचारीसन आना?

अभिमन : कोणाला नाही. फक्त तिला विचारलं.

झुंबरबाई : मंग. आधार कार्ड शे मनं, रेशनले लागस म्हणीसन काढेल शे. फोटोमा मी चोर दिसस, पण पत्ता आठलाच शे. पेन दे.

अभिमन : अक्का, नीट विचार कर. दाजी रागावतील.

झुंबरबाई : त्यास्ले सांगसू, भाऊ नारळ लई उना, मी नही म्हणू का? आते हाई काय लिहेल शे? "विद्यार्थिनीच्या वर्तनाची जबाबदारी माझी राहील." वर्तन म्हंजे?

सुलक्षणा : म्हणजे मी पळून गेले तर तुला फोन करतील.

झुंबरबाई : पळीसन जाशी तर त्यास्ना आगोदर तू माले सांगजो. त्या फोन करतीन अन् मी म्हणसू माले माहीत नही, तर इज्जत नही ऱ्हाई मनी.

सुलक्षणा : सांगेन. डबाही तुझ्याकडूनच घेऊन जाईन.

झुंबरबाई : नातं काय लिहू?

सुलक्षणा : आत्या लिही.

झुंबरबाई : आत्या पुणामा ऱ्हास. मी फुई लिहसू. त्यास्ले समजनं नही तर इचारतीन.

अभिमन : अक्षर बघ सुलू, अक्काचं. अजून तसंच आहे.

झुंबरबाई : तसंच ऱ्हाई. वापर कोठे झाया त्याना?

सुलक्षणा : फुई, गल्लीत काय सांगशील मग?

झुंबरबाई : हा, ते ऱ्हायनंच. काय सांगू मंजुळाबाईले?

सुलक्षणा : सांग, भाचीला खोली मिळाली, तिचे पेढे होते.

झुंबरबाई : खोलीना पेढा कोणी वाटस का?

सुलक्षणा : तू वाटलेस ना आज. पहिलीच तू.

झुंबरबाई : अन् नवलले काय सांगू?

सुलक्षणा : नवलला आधी विचारलं होतं का कोणी?

झुंबरबाई : त्याले कसाले इचारानं?

सुलक्षणा : मग सांगायचंही काही नाही. तो थकलेला असेल.

झुंबरबाई : लबाड शे तू. धर हाऊ कागद. झेरॉक्स गल्लीना कोपरावर भेटी, तठला पोऱ्या दुपारले झोपेल ऱ्हास, शटर वाजाव.

अभिमन : निघतो अक्का. गाडी मिळाली तर वेळेत पोहोचू.

झुंबरबाई : थांब. सुलू, त्या खोलीमा कितल्या पोरी?

सुलक्षणा : तिघी. तीन खाटा, तीन कपाटं.

झुंबरबाई : आतून कडी शे?

सुलक्षणा : आहे.

झुंबरबाई : बाहेरनी बाईले येऊ देतस?

सुलक्षणा : मैत्रिणींना नाही. स्थानिक पालकाला येता येतं.

झुंबरबाई : बाकीन्या दोन्ही कवय कालेजले जातीन, ते माले सांगजो. एखादी दुपारले मी येसू. बोलाले नही, झोपाले.